काचेचे दप्तर

असोदा हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून. जळगावपासून जवळच असलेल्या या गावात, महाजनांच्या घरी, २४ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. जळगावच्या चौधरींच्या घरात त्या नांदल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ऐकलेले उतरवून घेतले, आचार्य अत्र्यांनी त्याचे मोल ओळखले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले, म्हणून त्यांची गाणी आपल्यापर्यंत पोचली. त्याच घरातली दुसरी एक हकीगत चरित्रकार एका वाक्यात सांगतात : ओंकार या मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. खानदेशातल्या बहुतेक घराण्यांच्या इतिहासात आजारपण असेच एका वाक्यात येते. आजोबा प्लेगात गेले, थोरली आत्या मानमोडीत गेली, मधला काका हिवतापाने खंगला. पुढे कुणी विचारत नाही आणि सांगणाऱ्यालाही पुढचे माहीत नसते. शेताचा सातबारा असतो, लग्नाची याद असते, सावकाराचा कागद असतो. घरातल्या दुखण्याचा कागद नसतो.

माझे म्हणणे असे आहे, की ज्या घरांनी दुखण्याचे कागद मागे ठेवले नाहीत त्यांच्या आजारपणाचा आणि शुश्रूषेचा इतिहास औषधाच्या जुन्या काचेत उरला आहे : मात्रा मोजायच्या पेल्यात, दवाखान्याच्या बाटलीत, कंपाउंडरच्या मेजर ग्लासमध्ये. मात्र ही काच ज्या घरातली आहे त्या घरापासून आणि ज्या माणसासाठी आली त्याच्या नावापासून तुटली, की तिच्यातला पुरावा संपतो. जुन्या काचेचे संग्राहक आता वाढत आहेत, त्यामुळे हे आताच बोलायला हवे. संग्राहकाने आधी हकीगत मिळवावी आणि मग काच. आज बहुतेक वेळा उलटे घडते. काच जुन्या बाजारात पोचते आणि हकीगत तिच्या मूळ घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाबरोबर संपून जाते.

वस्तू आधी नीट पाहू. केमिस्टच्या दुकानातला मोजमापाचा पेला शंकूच्या आकाराचा, खाली निमुळता आणि बैठकीला रुंद असे. घरी वापरायचा पेला त्याहून लहान, साधारण दोन औंसांचा. त्याच्या एका अंगाला औंस आणि ड्रामच्या रेघा असत, दुसऱ्या अंगाला चमच्यांच्या. साठ मिनिमांचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस. टीस्पून म्हणजे एक ड्राम, डेझर्टस्पून म्हणजे दोन आणि टेबलस्पून म्हणजे चार. विलायतेतले केमिस्ट अशा पेल्यावर आपले नाव आणि गाव घालून तो गिऱ्हाइकाला देत. ती जाहिरातच होती, पण त्या जाहिरातीमुळे दुकानदाराचे नाव घराघरांत शिल्लक राहिले. आज ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात असे पेले जमवणाऱ्यांत काही जण त्या दुकानदारांचे पणतू-खापरपणतू आहेत. पेल्यावरच्या नावावरून ते व्यापारी डिरेक्टरीत जातात, तिथून जनगणनेच्या वह्यांत, तिथून चर्चच्या नोंदीत, आणि घराणे उलगडत जाते. तिथे ही साखळी जुळते, कारण प्रत्येक कडीला कागद आहे. आपल्याकडे मोठ्या शहरातल्या दुकानापुरते हे जमते. मुंबईत केम्प आणि कंपनीचे औषधांचे दुकान होते, त्यावरून केम्प्स कॉर्नर हे नाव पडले ते आजतागायत चालू आहे, आणि अशा पेढ्यांचा ठावठिकाणा थॅकरच्या डिरेक्टरीत सापडतो. जळगावच्या पेठेतल्या किंवा धुळ्याच्या गल्लीतल्या दवाखान्यात मिक्श्चर ढवळणारा कंपाउंडर मात्र त्या डिरेक्टरीत नसतो, आणि जनगणनेच्या घरोघरच्या याद्या आपल्या वंशशोधकाच्या हाती पडत नाहीत. म्हणून विलायती संग्राहकाची रीत जशीच्या तशी उचलून इथे चालणार नाही. तिथे काच कागदाकडे नेते. इथे पुष्कळदा काचेपुढे कागदच नाही, तेव्हा काचेलाच कागदाचे काम करावे लागते.

आणि ती ते करू शकते. नुसत्या रेघांवरून काळ बराचसा कळतो. वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. फक्त औंस आणि ड्राम असलेला पेला बहुधा त्याआधीचा. औंसांच्या जोडीने मिलिलिटर असतील तर तो बदलाच्या वर्षांतला असण्याचा संभव जास्त. जुना ड्राम साडेतीन मिलिलिटरच्या जरासा वर भरतो, आजचा औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा. पेल्यावरच्या रेघेने मोजले तर आजीच्या दोन चमच्यांत आणि नातीच्या दोन चमच्यांत जवळजवळ तीन मिलिलिटरचा फरक पडतो, आणि घरात वर्षानुवर्षे चालत आलेले ‘दोन चमचे द्यायचे’ हे वाक्य कोणत्या पेल्यावर बेतलेले होते हे विचारणे मग महत्त्वाचे ठरते. बाटलीच्या बाबतीत साच्याचा सांधा पाहतात. तो गळ्याखाली विरला असेल तर तोंड हाताने घडवलेले. ओठावरून पार गेला असेल तर बाटली यंत्रावरची. असे यंत्र अमेरिकेत मायकल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास चालते केले. पण तिथला कालक्रम आपल्या बाटल्यांना लावताना हात राखून लावावा लागतो, कारण इथे फुंकणीवरच्या बाटल्या पुढेही कित्येक वर्षे निघत राहिल्या.

या फुंकणीला आपला स्वतःचा इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. तिथे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली कारागीर शिकले आणि देशभरच्या कारखान्यांत पांगले. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा कारखाना १९१६ मध्ये निघाला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोचला. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल बंद झाला, जपानी माल आला आणि देशी काचेलाही वाव मिळाला. त्यामुळे खानदेशातल्या एखाद्या कपाटात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तीन बाटल्या तीन देशांतल्या किंवा तीन राजवटींतल्या असू शकतात. रेतीतल्या लोहामुळे आलेली हिरवट झाक, आत अडकलेला बुडबुडा, एका बाजूला जाड झालेला तळ ही संग्राहकाला वैगुण्ये वाटतात. मला ती पुरावा वाटतात. विलायती गुळगुळीत काचेपेक्षा अशी काच खानदेशी घराविषयी जास्त बोलते, कारण ती स्वस्त होती, आणि स्वस्त होती म्हणूनच ती त्या घरात शिरली.

तरी खेड्यातल्या घराच्या दृष्टीने पेल्यापेक्षा दवाखान्याच्या बाटलीचे महत्त्व मोठे. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना हे नव्याने सांगायला नको. दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यायची, स्वच्छ विसळून. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि आतल्या खिडकीतून कंपाउंडर मिक्श्चर भरून देई. वेलदोड्याच्या टिंक्चरातला लाल रंग कोचिनियल या किड्यापासून येई. त्यामुळे पोटाचे औषध गुलाबी दिसे. हिवतापाचे क्विनाइनचे मिक्श्चर इतके कडू असे, की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ती चव पिढ्यांच्या तोंडात राहिली. मग कंपाउंडर कागदाची एक पट्टी उभी दुमडी, कात्रीने तिला खाचा पाडी आणि खळीने ती बाटलीला डकवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. हलवून घ्यायचे, सकाळ-दुपार-संध्याकाळ. ही कातरलेली पट्टी मला या सगळ्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते. ती वाचायला अक्षर लागत नाही. बहिणाबाईंच्या पिढीतल्या ज्या बायकांना ओळखीचे एकही अक्षर नव्हते, त्यांच्या हाती वैद्यकाने दिलेला आणि त्यांना पूर्ण वाचता आलेला हा बहुधा पहिला कागद. किती दिले, किती उरले, कुणी मधली पाळी चुकवली, हे सारे त्या पट्टीवरून घरात सर्वांना दिसे.

इथे कुणी म्हणेल, की मोजून औषध देणे काचेने शिकवले असे म्हणणे म्हणजे आपल्या आज्यांवर अन्याय आहे. हा आक्षेप खरा आहे आणि माझ्या मुद्द्याला तो बळच देतो. बाळगुटी उगाळताना सहाणेवर वेखंडाचे किती वेढे, हिरड्याचे किती, जायफळाचा अर्धा की एक, हे बाळाच्या महिन्यांवर ठरलेले असे. वेढा हे माप आहे, आणि चांगले नेमके माप आहे. पण ते उगाळणारीच्या मनगटात होते. तिच्या हाताचा दाब आणि सहाणेचा खरखरीतपणा मिळून ती मात्रा ठरे, आणि मुलीला ती शिकायची तर आईशेजारी बसूनच शिकावी लागे. काचेवरची रेघ आणि कागदाची खाच आली तेव्हा माप घरातल्या जाणतीच्या हातून सुटून परक्या माणसाच्या कात्रीत गेले. ही सत्तेची बदली होती. कोणत्या घरात ती कधी झाली, कुणी तिला विरोध केला, कुठे सहाण आणि बाटली बरोबरीने चालल्या आणि कुठल्या सासूने सुनेला दवाखान्याची वाट दाखवली, हा खरा कुटुंबाचा इतिहास. राजेरजवाड्यांच्या वंशावळीत तो नसतो. तो विचारायचा तर हातात धरायला काहीतरी लागते. जुनी बाटली पुढे ठेवली की ऐंशी वर्षांची बाई कोरड्या प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

बाटलीची साक्ष घेताना मात्र उलटतपासणी हवी. बाटलीच्या अंगावर उठवलेले नाव फक्त तिचा पहिला जन्म सांगते. ग्राइप वॉटरच्या बाटलीतून पुढे दवाखान्याचे खोकल्याचे औषध आले असेल, नंतर एरंडेल, नंतर मध. शेवटी झाकणाला भोक पाडून वात ओवली आणि घासलेट भरले की तिची चिमणी झाली. त्यामुळे बाटलीवर पुण्या-मुंबईच्या कारखान्याचे नाव आहे, म्हणून त्या घरात तेच औषध घेत होते असे लिहून टाकणे चूक. पनवेलच्या धूतपापेश्वरसारखे कारखाने १८७२ पासून आहेत. त्यांच्या बाटल्या साऱ्या महाराष्ट्रात फिरल्या, आणि फिरलेली बाटली कुठे भरली हे ती स्वतः सांगत नाही. पण झाकणातले भोक, गळ्यातली काजळी, आतला तेलकट थर, बाहेर खळीचा वाळलेला पट्टा या खुणा एकावर एक वाचल्या तर एकाच बाटलीचे चार-पाच संसार दिसतात. संग्राहक सगळ्यात आधी नेमक्या याच खुणा पुसतो. सोडा आणि ब्रश घेऊन तो बाटली लखलखीत करतो, कारण लखलखीत बाटलीला भाव येतो. त्या धुण्यात पट्टी जाते आणि पट्टीबरोबर ते घर.

या बाबतीत खानदेशाकडे शिकण्याजोगे उदाहरण घरचेच आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी घराघरांतली दप्तरे धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतून हजारो कागद छापले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच गेले आणि लगेच १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या सिद्धांतांशी पुढच्या अभ्यासकांचे कितीतरी मतभेद झाले, पण कागद कुणाच्या घरी, कोणत्या अवस्थेत सापडला हे सांगण्याची त्यांची शिस्त टिकली. उकिरड्यावर जाऊ घातलेल्या रुमालातला कागद साधन ठरला तो या शिस्तीमुळे. पुण्याला दिनकर केळकरांनी हीच गोष्ट वस्तूंच्या बाबतीत केली. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी असे जे कुणी संग्रह म्हणून पाहत नव्हते ते त्यांनी जमवले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. जळगावच्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. त्या वस्तूंना अर्थ आहे, कारण त्या ज्या घरातल्या आहेत तिथेच आहेत. औषधाच्या काचेला यांतली एकही शिस्त अजून लागलेली नाही. भंगारवाला किलोवर नेतो, तिथून मधला दलाल चार चांगल्या बाटल्या वेगळ्या काढतो, आणि मुंबईच्या चोर बाजारात पोचेपर्यंत असोदा, भादली, नशिराबाद ही गावे तिच्यावरून गळून जातात.

याला उत्तर म्हणून संग्राहक सांगतात, की बाजार नसता तर ही काच भट्टीत वितळली असती. आम्ही निदान वाचवली. हे नाकारता येत नाही. पण वाचवणे आणि जपणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढायला पैसा लागत नाही. विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला आणि उत्तर चिकटपट्टीवर लिहायला पाच मिनिटे लागतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कारखान्यात हजारांनी निघालेल्या एकसारख्या पेल्याचा एका घराण्याशी संबंध तो काय? माझ्या मते संबंध वस्तूच्या एकमेवपणात नसतोच. मंगळसूत्राचे मणीही हजारांनी निघतात. पेला कुणाच्या दुखण्यात विकत आणला, तो माणूस वाचला का, नंतर पेला कुठे ठेवला, पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा बाहेर काढला का, यांतून संबंध तयार होतो. म्हणूनच हकीगत नसेल तर मी त्या पेल्याला कुटुंबाचा पुरावा म्हणणार नाही. तो काचकामाचा नमुना आहे, आणि नमुना म्हणून तो ठेवावा.

आठवण भरवशाची नसते, हेही खरे. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसे घेऊन गेला आणि त्याआधी वीस वर्षे प्लेग येत-जात होता. घरच्या सांगण्यात या दोन साथी एकमेकींत सहज मिसळतात. ‘प्लेगातला पेला’ असे ठाम सांगितले जाते, आणि पेल्यावर मिलिलिटर निघतात. इथे काच आठवणीला दुरुस्त करते आणि आठवण काचेला माणूस देते. दोघींना एकमेकींची गरज आहे. नोंद करताना सांगणारीचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, लेवा बोलीत किंवा अहिराणीत असतील तर त्याच बोलीत, आणि आपला तर्क वेगळ्या ओळीत लिहावा. सांगणारीची चूकसुद्धा खोडू नये. तिने हा पेला प्लेगाशी का जोडला, हेही त्या घराविषयी काही सांगत असते.

राहिला प्रश्न लाजेचा. क्षय, महारोग, वेडाचे झटके, गुप्तरोग यांची औषधे घरात लपवून ठेवलेली असत आणि आजही अशा आजाराचे नाव निघाले तर एखादे स्थळ मोडू शकते. संग्राहकाला इतिहासाचा कितीही ध्यास असला तरी दुसऱ्याच्या घरचे दुखणे चव्हाट्यावर मांडायचा अधिकार त्याला नाही. नोंदवही आणि मांडणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. वहीत सर्व लिहावे, आणि मांडणीत घरच्यांनी संमती दिली तेवढेच. जिथे संमती नाही तिथे गाव आणि दशक एवढेही पुरते. याच विवेकाला आणखी एक सावधगिरी जोडायला हवी. जुन्या बाटल्यांच्या तळाशी पारा, सोमल, कुचल्याचे सत्त्व यांचा अंश असू शकतो. निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या बाटल्या विषारी द्रव्यांसाठी मुद्दाम तशा घडवत, म्हणजे अंधारातही हाताला कळावे. त्यांचे बूच हुंगून पाहू नये आणि असली बाटली घरच्या मोरीत धुऊ नये.

पेल्याच्या पलीकडच्या बाजूला उभा असलेला कंपाउंडर या सगळ्यात निनावी राहतो, आणि त्याचा माग काढायला मात्र एक वाट खुली आहे. १९४८ चा फार्मसी कायदा झाला तेव्हा पहिल्या नोंदणीत फक्त पदवीधर घेतले नाहीत. दवाखान्यात किंवा रुग्णालयात किमान पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्या माणसालाही नाव नोंदवता आले. या नोंदवहीत माणसाचे पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, नोंदणीची तारीख, पात्रता आणि तो कुणाकडे काम करतो हे लिहायचे, असे कायद्यातच सांगितले आहे. कुणा डॉक्टरांच्या हाताखाली पट्ट्या कातरून आयुष्य काढलेली आणि स्वातंत्र्यानंतर स्वतःचे मेडिकल स्टोअर काढलेली माणसे जिल्ह्याजिल्ह्यात असणार. त्यांच्या नातवंडांच्या दुकानात मागच्या फळीवर जुना मेजर ग्लास, पोर्सेलिनचा खल आणि पितळी तराजू धूळ खात असतील, तर राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे आजोबांच्या नोंदणीचा अर्ज करणे ही त्यांच्या घराण्याच्या इतिहासाची सुरुवात ठरेल. अर्जात आजोबांचे पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे साल द्यावे, आणि उत्तर येईपर्यंत मेजर ग्लास धुऊ नये.